पात्यावरची सही

घाटात एस.टी. थांबली. घाटात एस.टी. थांबणं ही काही बातमी नव्हे, म्हणून दीपमालानं पुस्तकातून मान वर केली नाही. पण मग इंजिनही बंद झालं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं तंबाखूची चिमूट तशीच बोटांत धरून खिडकीबाहेर डोकं काढलं आणि एरवी ओरडल्याशिवाय न बोलणारा कंडक्टर हळूच म्हणाला –

"पंखा आलाय गड्या. उतरा, बगायचा आसंल तर."

बघता बघता गाडी रिकामी झाली.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. साताऱ्याच्या वरच्या अंगाला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या होत्या आणि आसपासच्या गावांतली माणसं भाकरी बांधून त्या बघायला जात होती. दीपमाला मात्र पठारावर चालली होती ती आत्याला भेटायला. ती कोरेगावची, साताऱ्याला भूगोल घेऊन एम.ए. करत होती. मांडीवर पुस्तक, पायाशी आत्याच्या किराण्याची पिशवी – कोण उठतंय, म्हणून ती एकटीच खिडकीशी बसून राहिली.

वळणावरून आधी ट्रेलरचं तोंड आलं. मग बराच वेळ नुसतं पांढरं येत राहिलं. लांबच लांब, निमुळतं, कुठे सांधा नाही, कुठे खिळा नाही. एस.टी.ची लांबी संपली तरी ते संपेना. ड्रायव्हर वीतवीत मागेपुढे करत होता, माणसं चाकांखाली ओंडके सरकवत होती आणि ते पातं डोंगराच्या अंगाला न लागता, दरीवर तरंगल्यासारखं वळत होतं. दीपमालाच्या अंगावर काटा आला. असलं काही माणसांनी केलंय, आणि ते आपल्या घाटातून चाललंय... तिला खरंच वाटेना.

पातं खिडकीपासून हातभर अंतरावर आलं. पुढचं तिनं ठरवून केलं नाही. हात बाहेर गेला आणि तळवा पात्यावर टेकला. थंडगार होतं ते. वर घाटातल्या तांबड्या मातीचा पातळ थर होता.

"ओ ताई! हात आत घ्या!"

पिवळं शिरस्त्राण घातलेला, हातात लाल झेंडा धरलेला एक तरुण धावत खिडकीखाली आला. चेहरा धुळीनं माखलेला, डोळे तेवढे स्वच्छ.

"पात्याला काही झालं का?" हात आत घेत तिनं विचारलं.

"पात्याला काय होतंय... तुमचा हात सापडला असता मध्ये, ताई."

"ताई म्हणू नका."

"मग... काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू. झेंडा तेवढा खाली करा. ड्रायव्हर तुमच्याकडे बघत थांबलाय."

त्यानं वर बघितलं. झेंडा खरोखरच वर राहिला होता. त्याच्यामुळे ट्रेलर थांबला होता, ट्रेलरमुळे एस.टी., तिच्यामागे दोन ट्रक, एक दुधाची गाडी आणि लग्नाची एक जीप. सगळा घाट त्याच्या हाताकडे बघत होता, आणि तो बघत होता खिडकीकडे. कानापर्यंत लाल होत त्यानं झेंडा खाली केला. पांढरं पातं पुन्हा हलू लागलं. तांबड्या मातीत तिच्या हाताची पाचही बोटं उमटली होती. ती वळणापलीकडे जाईपर्यंत दीपमाला त्यांच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस दोन कॅन घेऊन आत्याच्या अंगणात पाणी मागायला हजर.

येसूबाई आत्याचं घर पठाराच्या कडेला होतं. नवरा वारल्यापासून दोन म्हशी आणि नाचणीचं रान एवढ्यावर ती एकटी राहायची. तिच्याच बांधाला लागून एका पवनचक्कीचं काम चाललं होतं, म्हणून साइटवरची माणसं तिच्या विहिरीचं पाणी न्यायची. दोघांची तोंडं बघून तिनं विचारलं, "तुमी वळखता व्हय एकमेकांस्नी?"

"हो," तो म्हणाला.

"नाही," दीपमाला म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. आत्यानं दोघांकडे बघितलं आणि चुलीवर चहाला जास्तीचं पाणी टाकलं.

त्याचं नाव कपिल. गाव सांगली जिल्ह्यातलं कडेगाव. कराडला इंजिनिअर होऊन नुकताच पवनचक्कीच्या कंपनीत लागला होता. त्या दिवसापासून दीपमालाचं आत्यावरचं प्रेम एकाएकी उतू जायला लागलं. पूर्वी सणासुदीला येणारी पोरगी आता रविवार चुकवेना. आत्या रविवारी भाकरी चार जास्त थापायची.

पठारावर वारं असं की बोललेलं अर्धं दरीत जायचं. त्यामुळे कपिलला जवळ उभं राहून बोलावं लागायचं. वाऱ्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे. मे महिन्यात क्रेननं पाती वर चढली, तेव्हा तीही खाली उभी होती. तीन पांढरी पाती एका आडव्या आसाला जोडली गेली आणि निळ्या आभाळात एक भलंमोठं फूल उघडलं. जमलेल्या माणसांतल्या काहींनी नकळत हात जोडले. चक्की मात्र फिरली नाही. वीज वाहून नेणारी तारच अजून पठारावर पोचली नव्हती. ती येईपर्यंत पाती बांधून ठेवली होती.

"वारा आहे, चक्की आहे, आणि फिरायचं नाही. कसं वाटतं हो तिला?" दीपमालानं विचारलं.

"माझ्यासारखं," कपिल म्हणाला आणि घाईघाईनं नटबोल्ट मोजायला निघून गेला.

जुलैत तिच्या मागे नवीन काम लागलं. सांगलीच्या एका महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती – अभिरूप जागतिक परिषद. जपानमधल्या क्योटो शहरात देशांनी मिळून धूर कमी करायचा करार केला होता, त्यावर बोलायचं. प्रत्येक स्पर्धकानं चिठ्ठी उचलून येईल त्या देशाची बाजू मांडायची. दीपमालाच्या वाट्याला आली अमेरिका.

"अमेरिकेचं म्हणणं तरी काय?" आत्याच्या ओसरीवर पावसाचे तुषार चुकवत कपिलनं विचारलं.

"म्हणणं एवढंच, की भारत-चीनसारखे देश जोवर बंधन पत्करत नाहीत, तोवर आम्ही करार मान्य करणार नाही. त्यांच्या सिनेटनं तसा ठरावच केलाय."

"आणि आपलं?"

"आपलं म्हणणं, गेली दीडदोनशे वर्षं धूर केला तुम्ही. माणशी काढून बघा, आमचा धूर केवढासा. आधी तुम्ही कमी करा, मग आमच्याकडे बघा."

"म्हणजे हा म्हणतो आधी तू, तो म्हणतो आधी तू."

"आणि वर आणखी एक मेख आहे. नुसत्या सह्या करून भागत नाही, प्रत्येक देशाच्या घरात त्याला मान्यता मिळावी लागते. तशी पंचावन्न देशांची मान्यता हवी, आणि पुढारलेल्या देशांच्या धुरातला निम्म्याहून जास्त वाटा त्या पंचावन्नांत आला पाहिजे. तोवर करार नुसता कागद."

आत्या म्हशीला पेंड घालून आत येत होती. तिनं ऐकलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हे आपल्या बांधावरच्या भांडणागत झालं की. पर पोरी, हवंला कुटं बांध आसतोय? हितला धूर तकडं जानारच."

कपिल आणि दीपमाला दोघंही बाहेर बघू लागले. समोर धुकं दरीतून वर येत होतं, आत्याच्या रानावरून शेजारच्या रानात जात होतं, आणि अडवायला कुणी नव्हतं.

ऑगस्टात सांगलीला स्पर्धा झाली. दीपमाला अशी बोलली की सभागृहात कुणी जागचं हललं नाही. "सगळे येणार असतील तर आम्ही येऊ," ती टेबलावर बोट ठेवून म्हणाली. "एकट्यानं पहिलं पाऊल टाकणं हा शहाणपणा नव्हे. आधी त्यांनी यावं, मग आम्ही बघू." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला नंबर तिचाच येणार, हे शेंडीला गाठ मारून ठेवण्याइतकं पक्कं होतं.

तिच्यानंतर मिरजेची एक किरकोळ मुलगी उभी राहिली. अर्फा तिचं नाव. पहिल्याच वर्षाला होती आणि तिच्या चिठ्ठीत निघाला होता फिजी. ओढणी सावरत ती हळू आवाजात म्हणाली, "आमचा देश नकाशात शोधावा लागतो. आमचा धूर चिमूटभर. पण समुद्र आमच्या उंबऱ्याला लागलाय. अट घालायला आमच्याकडे वेळ नाही. सही कुठं करायची, तेवढं दाखवा." आणि ती बसली. पाच मिनिटं दिली होती, तिनं एक मिनिटही वापरलं नाही. बक्षीस तिला मिळणार नव्हतंच. पण हातात चषक घेऊन उतरताना दीपमालाला ते वाक्य बुटात खडा जावा तसं टोचत राहिलं.

सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कपिल उभा होता. रजा टाकून, पहाटेची गाडी पकडून आला होता.

दोघं आयर्विन पुलावर गेले. कृष्णा दोन्ही काठ भरून चालली होती. मातकट, रुंद, आवाज न करता. एवढं पाणी बघितलं की माणूस आपोआप हळू बोलतो. कागदात भडंग होतं. त्यातले शेंगदाणे कपिल वेचून तिच्या बाजूला सारत होता. तिला ते दिसत होतं, आणि दिसत नाही असं ती दाखवत होती.

"अभिनंदन, अमेरिकाबाई."

"बरं बोलले मी? खरं सांगा."

"भीती वाटली तुमची." तो थोडा थांबला. "म्हणून एक विचारायचं होतं, ते आता विचारावं की नाही..."

"विचारा की."

"आधी सांगा, रागावणार नाही."

"आधी विचारा. मग ठरवते."

"बघा... झालं सुरू."

दोघंही हसले. मग हसू ओसरलं, आणि त्या थांबलेल्या क्षणात नदी तेवढी चालत राहिली. कपिलनं कागदाची पुरचुंडी केली, सोडली, पुन्हा केली.

"मला तू आवडतेस, दीपमाला," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "अट काही नाही. सही आहे ही माझी."

तिच्या कानशिलांतून ऊन गेल्यासारखं झालं. 'तू' म्हणाला होता तो. पहिल्यांदाच. ती कितीतरी वेळ कठड्यावरून बोट फिरवत राहिली.

"माझीपण आहे सही," ती शेवटी म्हणाली. "पण सही वेगळी आणि मान्यता वेगळी, माहितीये ना? मान्यता घरून यायची असते."

"येईल की. अडचण कसली? जात एक, धम्म एक, हुंड्याचं नाव दोन्ही घरांत नाही."

अडचण होती. ती दोघांनाही माहीत नव्हती, इतकंच.

दीपमालाचे वडील आण्णा कोरेगावच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांची नोंद ठेवायची, माइकवरून पुकारा करायचा, हे त्यांचं काम. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलगा इंजिनिअर, माणसं चांगली, त्यांना काहीच खटकलं नाही. मग म्हणाले, "माझी ना न्हाई. पर त्यांनी यावं. मुलाकडच्यांनी आदी माझ्या दारात यायचं. मी जानार न्हाई."

कडेगावात कपिलचे वडील भाऊसो पलटणीतून हवालदार होऊन आलेले. आता स्वतःचा ऊस बघत होते. तेही सगळं ऐकून म्हणाले, "पोरगी गुनाची दिसतीया. आपली मंजुरी हाय. पर देवदेव सोडलं, मुहूर्त सोडला, हुंडा सोडला, एवढी एक रीत ठिवलीय बापजाद्याची. मुलीकडच्यांनी आदी यायचं. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

मध्यस्थ गेले, आले. चहा ढोसून परतले. दोन्हीकडे ना कुणाचीच नव्हती, आणि हलत कुणीच नव्हतं.

"आण्णा, तुम्ही गेलात तर काय बिघडलं?" दीपमालानं एकदा चिडून विचारलं.

"एकट्यानं पयलं पाऊल टाकनं शानपना न्हवं," आण्णा म्हणाले. "आदी त्यांनी यावं, मग आमी बगू."

शब्द न् शब्द तिचा होता. तिनं भाषण घरात घोकलं होतं, तेव्हा आण्णा वर्तमानपत्रामागून ऐकत होते. फळीवर चषक चकाकत होता.

त्या रविवारी ती आत्याजवळ रडली. आत्यानं तिला रडू दिलं आणि मग सांगितलं, "तुजा आण्णा हट्टी न्हाई गं. माझ्या लग्नापायी आमचा बा दारोदार फिरला. बारका आण्णा त्याच्या बोटाला धरून आसायचा. कुनी आंगनात हुबं केलं, कुनी पानीबी इचारलं न्हाई. एका दारात बाला लोकांनी हसून घालवलं. तवा तुजा बाप घरी येताना म्हनाला व्हता, माझ्या पोरीसाटी मी कुनाच्या दारात जानार न्हाई. शब्द हाय त्यो त्याचा."

मग दीपमालाला आण्णांवर रागावताही येईना. तेच जास्त कठीण होतं.

त्यातच कपिलला हुकूम आला. दसऱ्यानंतर तामिळनाडूतल्या पवनचक्क्यांवर बदली, दोन-तीन वर्षांसाठी. आणि भाऊसोंना विट्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलीकडचे स्वतःहून येणार होते. कपिलनं नकार दिला, बापाशी अबोला धरला, पण भाऊसोंनी पाहुण्यांना विजयादशमीनंतरचा दिवस देऊनही टाकला.

सप्टेंबर संपत आला होता. दीपमाला कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्र उघडून बसली होती, वाचत मात्र नव्हती. आतल्या पानावर, एका कोपऱ्यात, चार ओळींची बातमी होती. क्योटो कराराला मान्यता देणारा पहिला देश – फिजी.

तिनं पुन्हा वाचलं. एवढी मोठी राष्ट्रं 'आधी तू, आधी तू' करत बसली होती, आणि समुद्रातल्या ठिपक्याएवढ्या बेटांनी उठून जाऊन पहिलं पाऊल टाकलं होतं. पंचावन्न देश होणार की नाही, अमेरिका येणार की नाही, कशाचा भरवसा नसताना. तिचे डोळे भरून आले. मिरजेची ती अर्फा आठवली, ओढणी सावरणारी. सही कुठं करायची, तेवढं दाखवा.

दीपमाला उठली. वर्तमानपत्राची घडी घातली आणि साताऱ्याच्या स्टँडवर जाऊन कराडची गाडी पकडली. कराडहून कडेगाव. आण्णांच्या स्टँडवरून जायची गरजच पडली नाही.

भाऊसो अंगणात बसून फवारणीचा पंप उघडून दुरुस्त करत होते. ओसरीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. एकटी मुलगी फाटकातून आत येताना बघून त्यांनी पाना खाली ठेवला.

"कोन पायजे?"

"जयभीम. मी दीपमाला. कोरेगावची."

भाऊसो उठून उभे राहिले. तिच्या मागे, रस्त्यावर बघितलं. "बरुबर कोन आलंय?"

"कुणी नाही."

"मंग?"

गाडीत पाठ केलेलं सगळं पळून गेलं होतं. "तुमची अट होती," ती म्हणाली. "मुलीकडच्यांनी आधी यावं. मी मुलीकडचीच आहे. माझ्यापेक्षा जवळचं मुलीला दुसरं कुणी नाही."

स्वयंपाकघरात कसलं तरी झाकण पडलं. कपिलची आई सुलाबाई दारात आली आणि तोंडावर पदर धरून उभी राहिली. भाऊसोंच्या मिशा हलल्या. रागानं की कशानं, ते कळेना.

"आन् तुजी अट काय?"

"काही नाही."

"कायबी न्हाई?"

"नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. फक्त, आमच्याकडून कुणी आलं नाही असं म्हणू नका."

पलटणीत भाऊसोंनी धाडसी माणसं पुष्कळ बघितली होती. पण हातात काही नसताना, पाठीशी कुणी नसताना, असं दारात येऊन उभं राहणारं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"सुला," ते म्हणाले, "आपल्या घरात मुलीकडचं मानूस आलंय. हुबं का ठिवलंय?"

चहा झाला, पोहे झाले, सुलाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग दीपमाला निघाली, तर भाऊसोंनी खुंटीवरची टोपी काढली. "एकटी कुटं निगालीस? आमच्या दारातनं पोर एकटी जानार न्हाई. पोचवाय येतो."

विट्याहून कोरेगावला जाणारी गाडी मिळाली. दोघं शेजारी बसले. पुसेसावळी मागे पडली तेव्हा भाऊसोंनी सहज विचारलं, "तुझ्या आण्णाची काय अट व्हती गं?"

आणि तेव्हा दीपमालाच्या डोक्यात उजेड पडला. आईशप्पथ, तोवर तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती चाचरत म्हणाली, "हीच... की मुलाकडच्यांनी आधी आमच्या दारात यावं."

भाऊसो खिडकीतून बाहेर उसाकडे बघत राहिले. रहिमतपूरला गाडी थांबली तसे ते ताडकन उठले आणि खाली उतरून गेले. दीपमाला दाराकडे बघत राहिली. संपलं सगळं. खरं बोलायची काय गरज होती... कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. भाऊसो धापा टाकत वर चढले. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"पयल्यांदा जातोय," ते बसत म्हणाले. "रिकाम्या हातानं जात्यात व्हय?"

कोरेगावच्या स्टँडवर दिवे लागले होते. आण्णा काचेच्या खोलीत माइकपुढे बसले होते. "विट्याहून पुसेसावळी, रहिमतपूरमार्गे आलेली गाडी फलाट क्रमांक दोनवर..." एवढं बोलून त्यांचा आवाज थांबला. गाडीतून त्यांची मुलगी उतरत होती, आणि तिच्यामागे फोटोत बघितलेला एक उंच, मिशाळ माणूस.

भाऊसो सरळ खोलीत आले. पलटणीतल्यासारखे ताठ उभे राहिले. "जयभीम. मी भाऊसो. कपिलचा वडील. तुमचं मानूस आदी आमच्या दारात आलं. म्हनून आमी आलो."

आण्णांनी मुलीकडे बघितलं. सगळं कळायला त्यांना वेळ लागला नाही. आयुष्यभर कुठली गाडी कुठून कुठे गेली हेच तर ते लिहीत आले होते. ते उठले.

"आमच्या बाच्या दारात कवाच कुनी आलं न्हाई," आण्णा म्हणाले. "लय वाट बगितली त्यानं. तुमी आला... बसा. हितं खुर्चीत बसा."

माइक बंद करायचा राहून गेला होता. हे सगळं फलाट क्रमांक एक ते चारवर ऐकू गेलं. शेंगदाणेवाला शेंगदाणे विकायचा थांबला, ड्रायव्हर बिडी पेटवायचे थांबले, आणि विट्याची परतीची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. कुणीही तक्रार केली नाही.

लग्न मे महिन्यात, तिचं एम.ए. झाल्यावर ठरलं. दोन्ही बापांपैकी कुणीही हे अट म्हणून सांगितलं नव्हतं. भाऊसोंनी विट्याच्या पाहुण्यांची स्वतः जाऊन माफी मागितली, आणि कपिलचा बापाशी असलेला अबोला पेढा तोंडात जाताच सुटला.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी पठारावर वीजवाहिनी जोडली गेली. दोन दिवसांनी कपिल तामिळनाडूला जाणार होता. सगळं पठार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलं होतं. येसूबाई आत्या, साइटवरची माणसं, गावकरी – सगळे मान वर करून उभे होते. कपिलनं दीपमालाच्या हातात दुर्बीण दिली.

"खाली आलेलं पातं बघ. टोकापाशी."

तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली. पांढऱ्या पात्यावर काळ्या रेघेनं काढलेला एक हात होता. पाच बोटं, लहानसा तळवा.

"वर चढवण्याआधी पाती पुसून घ्यायची असतात," कपिल म्हणाला. "सगळे डाग पुसले मी. एक पुसवेना. मातीच्या कडेनं रेघ मारून ठेवली. माती पावसात गेली, रेघ राहिली."

"एवढे महिने बोलला नाहीस?"

"तू पुलावर म्हणालीस ना, माझीपण आहे सही... तेव्हाच सांगणार होतो, पण म्हटलं, पातं फिरेल तेव्हाच दाखवू." त्याचा आवाज वाऱ्यात जेमतेम ऐकू आला. "पहिली सही तूच केली होतीस, दीपमाला. घाटात. काही अट न घालता. मी तर झेंडा धरून उभा होतो."

वर कुठेतरी खटका पडला. पाती सुटली. आधी हलली की नाही असा भास, मग एक संथ, मोठा फेरा. माणसं बोलायची थांबली. येसूबाईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. दीपमाला दुर्बिणीतून आपला हात शोधत होती. तो खालून वर चढला, साताऱ्याच्या डोंगरांवरून गेला, आभाळाच्या माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखा झाला, आणि पलीकडे सांगलीच्या बाजूला उतरत पुन्हा तिच्याकडे आला.

तिनं दुर्बीण खाली घेतली आणि मोकळ्या हातानं कपिलचा हात धरला. सगळ्यांच्या देखत. आत्यानं बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवत म्हणाली, "चला रं, भाकरी निवत्यात."